ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांच्या एचआयव्ही/एड्स धोरणांची तुलना

ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी एचआयव्ही/एड्सच्या साथीला तोंड देण्यासाठी आखलेली धोरणे सार्वजनिक आरोग्य, घटनात्मक कायदा आणि औषधांची पेटंटे या विषयांच्या अभ्यासात अनेकदा एकत्र तपासली जातात. दोन्ही देश मध्यम उत्पन्न गटातील असून दोहोंत तीव्र आर्थिक व वांशिक विषमता आहे. एका देशात लष्करी राजवट, तर दुसऱ्यात वर्णभेदी राजवट संपल्यानंतर नवी संविधाने आली आणि त्या दोन्ही संविधानांनी आरोग्यसेवेचा हक्क मान्य केला. दोन्ही देशांत एड्सचे पहिले रुग्ण इ.स. १९८२ मध्ये आढळले. असे असूनही सरकारी आरोग्यसेवेतून विषाणूरोधक औषधे मोफत देण्याची कायदेशीर हमी ब्राझीलने नोव्हेंबर १९९६ मध्ये दिली, तर दक्षिण आफ्रिकेत असा राष्ट्रीय कार्यक्रम एप्रिल २००४ मध्ये प्रत्यक्ष सुरू झाला. सुमारे साडेसात वर्षांचे हे अंतर का पडले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हा या तुलनेचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

## पार्श्वभूमी

एचआयव्ही हा विषाणू शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतील सीडी४ पेशी नष्ट करतो. उपचार न मिळाल्यास काही वर्षांत एड्सची अवस्था येते आणि क्षयरोगासारखे संसर्ग जिवावर बेततात. लैंगिक संबंध, दूषित रक्त, सामायिक सुया आणि मातेकडून बाळाकडे अशा मार्गांनी त्याचा प्रसार होतो.

इ.स. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन (एझेडटी) हे पहिले औषध उपलब्ध झाले. तथापि एकाच औषधाला विषाणू लवकर दाद देईनासा होतो. इ.स. १९९६ मध्ये तीन औषधांच्या एकत्रित उपचाराची परिणामकारकता सिद्ध झाली आणि एड्सचे स्वरूप प्राणघातक रोगाऐवजी दीर्घकालीन पण आटोक्यात ठेवता येण्याजोग्या आजाराचे झाले. हा उपचार आयुष्यभर घ्यावा लागतो. त्या काळी त्याचा खर्च प्रतिव्यक्ती दरवर्षी १०,००० अमेरिकन डॉलर किंवा त्याहून अधिक होता. त्यामुळे विकसनशील देशांनी केवळ प्रतिबंधावर भर द्यावा, उपचार त्यांना परवडणार नाहीत, असे मत आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये प्रबळ होते.

## ब्राझील

### लोकशाही आणि आरोग्याचा हक्क

ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ या काळात लष्करी राजवट होती. तिला विरोध करणाऱ्या प्रवाहांपैकी आरोग्यसुधारणा चळवळ हा एक महत्त्वाचा प्रवाह होता. डॉक्टर, संशोधक व कामगार संघटनांचा तीत सहभाग होता. या चळवळीच्या मागण्या १९८६च्या आठव्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेत मांडल्या गेल्या आणि १९८८च्या संविधानात उतरल्या. संविधानाच्या कलम १९६ नुसार आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. कलम १९९ ने रक्ताच्या व्यापारावर बंदी घातली. इ.स. १९९० च्या कायद्याने ‘एकीकृत आरोग्य व्यवस्था’ (सूस) ही सर्वांसाठी मोफत असलेली सरकारी यंत्रणा स्थापन झाली.

एड्सविषयक कार्यक्रम याच वातावरणात वाढला. साओ पाउलो राज्याने १९८३ मध्ये आपला कार्यक्रम सुरू केला आणि १९८५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया घातला गेला. समलिंगी पुरुषांच्या संघटना, हिमोफिलियाचे रुग्ण आणि पुरोगामी धर्मसंस्था यांनी सरकारवर सातत्याने दबाव ठेवला. समाजशास्त्रज्ञ एर्बेर्ट दि सोझा (‘बेतिन्यो’) यांना रक्तातून एचआयव्हीची लागण झाली होती. सुरक्षित रक्तपुरवठा आणि रुग्णांचे हक्क यांसाठीच्या लढ्याचे ते एक प्रमुख नेते होते.

### १९९६चा कायदा

सरकारी सेवेतून एझेडटी देण्यास ब्राझीलने १९९१ मध्येच सुरुवात केली होती. १३ नोव्हेंबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो एन्रिके कार्दोझो यांच्या कारकिर्दीत कायदा क्रमांक ९,३१३ संमत झाला. सेनेटर जोझे सार्नी यांनी मांडलेल्या या कायद्यानुसार एचआयव्हीबाधित व एड्सग्रस्त व्यक्तींना आवश्यक ती सर्व औषधे मोफत देणे सरकारवर बंधनकारक झाले. कोणत्या अवस्थेत कोणती औषधे द्यावीत हे आरोग्य मंत्रालयाने ठरवावे आणि ही यादी दरवर्षी किंवा गरजेनुसार सुधारावी, अशीही तरतूद त्यात होती. यामुळे संविधानातील सर्वसाधारण हक्काला एका ठोस, मोजता येण्याजोग्या दायित्वाचे रूप आले.

जागतिक बँकेकडून १९९४ पासून घेतलेले कर्ज प्रामुख्याने प्रतिबंध आणि संस्थात्मक बळकटीकरणासाठी होते. औषधांचा खर्च देशाने स्वतःच्या अर्थसंकल्पातून केला. एड्समुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर १९९५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे ९.७ होता. शतक संपेपर्यंत तो सुमारे साडेसहापर्यंत खाली आला.

### औषधनिर्मिती आणि पेटंट

मोफत औषधांची हमी टिकवायची तर किमतींवर नियंत्रण आवश्यक होते. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक (ट्रिप्स) कराराला अनुसरून ब्राझीलने १९९६ मध्येच औषधांवर पेटंट देणारा कायदा केला. त्याआधीच्या औषधांवर मात्र देशात पेटंट नव्हते. अशी औषधे सरकारी प्रयोगशाळांनी, विशेषतः रियो दि जानेरो येथील ओस्वाल्दो क्रूझ प्रतिष्ठानाच्या फार्मांगिन्योस या संस्थेने तयार केली. यामुळे सरकारला औषधाचा खरा उत्पादनखर्च ठाऊक झाला आणि परदेशी कंपन्यांशी वाटाघाटी करताना त्याचा उपयोग झाला.

पेटंट असलेल्या औषधांबाबत सरकारने ‘सक्तीच्या परवान्याचे’ अस्त्र वापरले. सार्वजनिक हितासाठी पेटंटधारकाच्या संमतीविना उत्पादनाची परवानगी देणे, असा त्याचा अर्थ आहे. इ.स. २००१ मध्ये आरोग्यमंत्री जोझे सेरा यांनी नेल्फिनाव्हिर या औषधासाठी असा परवाना देण्याची घोषणा केल्यावर रोश कंपनीने किंमत सुमारे ४० टक्क्यांनी कमी केली. ब्राझीलच्या पेटंट कायद्याविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत दाखल केलेली तक्रारही त्याच वर्षी जूनमध्ये मागे घेतली गेली. मे २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुला दा सिल्वा यांनी इफाव्हिरेन्झ या औषधासाठी प्रत्यक्ष सक्तीचा परवाना दिला. मर्क कंपनीची किंमत प्रतिगोळी १.५९ डॉलर होती, तर भारतीय जेनेरिक गोळी सुमारे ०.४५ डॉलरला मिळत होती. सुरुवातीला भारतातून आयात झाली आणि २००९ पासून फार्मांगिन्योसने उत्पादन सुरू केले.

### प्रतिबंध

प्रतिबंधाच्या कामात देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष व अमली पदार्थांचे सेवन करणारे यांच्या संघटनांना सरकारने भागीदार मानले. अमेरिकेच्या मदतीसोबत देहविक्रयाचा निषेध करणारी प्रतिज्ञा घेण्याची अट आली, तेव्हा ब्राझीलने २००५ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलरची मदत नाकारली.

## दक्षिण आफ्रिका

### वर्णभेदाचा वारसा

दक्षिण आफ्रिकेत साथ वेगाने पसरली ती राजकीय संक्रमणाच्या वर्षांत. सरकारी प्रसूतिपूर्व दवाखान्यांतील पाहणीनुसार गर्भवती स्त्रियांमधील एचआयव्हीचे प्रमाण १९९० मध्ये एक टक्क्याहून कमी होते. ते १९९४ मध्ये ७.६ टक्के आणि १९९८ मध्ये २२.८ टक्के झाले. खाणींमध्ये काम करणाऱ्या पुरुषांना कुटुंबापासून दूर वसतिगृहांत ठेवणारी स्थलांतरित मजुरीची पद्धत, वंशानुसार विभागलेली आरोग्यसेवा आणि गोऱ्या सरकारच्या आरोग्यसंदेशांविषयीचा अविश्वास ही प्रसाराची प्रमुख कारणे मानली जातात.

नेल्सन मंडेला यांच्या सरकारने १९९४ मध्ये राष्ट्रीय एड्स आराखडा स्वीकारला. परंतु आरोग्य प्रशासनाच्या पुनर्रचनेत त्याची अंमलबजावणी मंदावली. एड्स जनजागृतीच्या ‘साराफिना २’ या नाटकावरील सुमारे १.४ कोटी रँडच्या खर्चाचा वाद (१९९६) आणि ‘व्हायरोडीन’ या अप्रमाणित औषधाला मिळालेला राजकीय पाठिंबा (१९९७) यांमुळे सरकार आणि वैज्ञानिक समुदाय यांच्यातील संबंध बिघडले.

### औषध कंपन्यांचा खटला

इ.स. १९९७ मध्ये औषधविषयक कायद्यात दुरुस्ती करून सरकारने स्वस्त औषधांच्या आयातीची तरतूद केली. तिच्याविरुद्ध फेब्रुवारी १९९८ मध्ये औषध उत्पादकांची संघटना आणि ३९ कंपन्या न्यायालयात गेल्या. मार्च २००१ मध्ये प्रिटोरिया येथे सुनावणी सुरू झाली. जगभरातून निषेध झाल्याने १९ एप्रिल २००१ रोजी कंपन्यांनी खटला मागे घेतला. या लढ्यात सरकार आणि ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ (टॅक) ही संघटना एकाच बाजूला होती. झॅकी अखमत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १० डिसेंबर १९९८ रोजी केपटाऊन येथे ही संघटना स्थापन केली होती. विजयानंतर मात्र औषधे देण्यास सरकारनेच नकार दिल्याने दोघे परस्परविरोधी बाजूंना गेले.

### नकाराचे धोरण

राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी ऑक्टोबर १९९९ मध्ये एझेडटी विषारी असल्याचे विधान केले. इ.स. २००० मध्ये त्यांनी नेमलेल्या सल्लागार मंडळात एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच न मानणाऱ्या व्यक्तींचाही समावेश होता. याला उत्तर म्हणून ५,००० हून अधिक शास्त्रज्ञ व डॉक्टरांनी ‘डर्बन जाहीरनाम्या’वर स्वाक्षऱ्या केल्या. जुलै २००० मध्ये डर्बन येथील आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत जन्मतः एचआयव्हीबाधित असलेल्या ११ वर्षांच्या न्कोसी जॉन्सनने गर्भवती मातांना औषध देण्याचे आवाहन केले. पुढच्याच वर्षी जून महिन्यात त्याचे निधन झाले. आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग यांनी औषधांच्या दुष्परिणामांवर भर देऊन लसूण, बीट व लिंबू यांचा आहारात पुरस्कार केला.

### नेव्हिरापीन खटला

नेव्हिरापीनची एक मात्रा मातेला आणि एक नवजात बालकाला दिल्यास बाळाला होणारा संसर्ग जवळपास निम्म्याने घटतो, असे युगांडातील अभ्यासातून १९९९ मध्ये दिसून आले. बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीने हे औषध पाच वर्षे मोफत देऊ केले. तरीही सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोन याप्रमाणे केवळ १८ केंद्रांपुरते मर्यादित ठेवले. इतर सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांना ते देण्याची मुभा नव्हती.

टॅकने ऑगस्ट २००१ मध्ये दावा दाखल केला. डिसेंबर २००१ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने आणि ५ जुलै २००२ रोजी संविधान न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला. संविधानाच्या कलम २७ नुसार उपलब्ध साधनसंपत्तीच्या मर्यादेत आरोग्यसेवा टप्प्याटप्प्याने सर्वांपर्यंत नेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. औषध उपलब्ध असताना आणि डॉक्टर ते देण्यास सक्षम असताना ते रोखून धरणे ‘वाजवी’ नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि निर्बंध विनाविलंब उठवण्याचा आदेश दिला.

### विस्ताराचा काळ

नोव्हेंबर २००३ मध्ये मंत्रिमंडळाने राष्ट्रीय उपचार योजना मंजूर केली आणि एप्रिल २००४ पासून औषधवाटप सुरू झाले. तरीही गती संथ होती. सप्टेंबर २००८ मध्ये म्बेकी पायउतार झाल्यावर आरोग्यमंत्री बार्बरा होगन आणि त्यांच्यानंतर आरोन मोत्सोआलेदी यांनी धोरणाची दिशा पालटली. एप्रिल २०१० मध्ये दीड कोटी लोकांच्या चाचणीचे उद्दिष्ट असलेली मोहीम सुरू झाली. उपचार सुरू करण्याचे अधिकार प्रशिक्षित परिचारिकांना दिल्याने डॉक्टरांच्या तुटवड्याची अडचण सौम्य झाली. इ.स. २०१३ पासून तीन औषधांची एकत्रित गोळी आणि सप्टेंबर २०१६ पासून सीडी४ पेशींची संख्या कितीही असली तरी सर्व बाधितांना उपचार, असे पुढील टप्पे आले.

## दोन देशांतील दुवे आणि भारतीय औषधे

ही दोन धोरणे एकमेकांपासून सर्वस्वी वेगळी वाढली नाहीत. केपटाऊनजवळील खायेलित्शा या वस्तीत ‘मेदसँ सां फ्राँतिए’ या वैद्यकीय संस्थेने मे २००१ मध्ये विषाणूरोधक उपचार सुरू केले. जानेवारी २००२ मध्ये टॅक आणि या संस्थेने फार्मांगिन्योसने तयार केलेली औषधे ब्राझीलहून खायेलित्शात आणली. सरकारी कारखान्यातील स्वस्त औषधांनी गरीब वस्तीतही उपचार यशस्वी होतात, हे त्यातून दाखवता आले. त्याच वर्षी मंडेला यांनी खायेलित्शातील केंद्राला भेट देऊन ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असे लिहिलेला टॅकचा सदरा परिधान केला.

तिसरा दुवा मुंबईचा आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या केवळ निर्मितिप्रक्रियेला पेटंट मिळत असे, उत्पादनाला नव्हे. त्यामुळे भारतीय कंपन्यांना पर्यायी प्रक्रियेने तीच औषधे बनवता येत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईतील सिप्ला कंपनीचे प्रमुख युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार ‘मेदसँ सां फ्राँतिए’ला प्रतिव्यक्ती दरवर्षी ३५० डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एक डॉलरहूनही कमी असलेल्या या किमतीने उपचार परवडत नाहीत, या युक्तिवादाचा पाया ढासळला. नोव्हेंबर २००१ मधील दोहा जाहीरनाम्याने सार्वजनिक आरोग्यासाठी सक्तीचे परवाने देण्याचा देशांचा अधिकार स्पष्ट केला. इ.स. २००५ मध्ये भारताने उत्पादन पेटंट स्वीकारले. तरी त्यानंतरही देणगीदारांच्या निधीतून विकसनशील देशांसाठी खरेदी होणाऱ्या विषाणूरोधक औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक भारतीय बनावटीची होती.

## तुलना

### साथीचे स्वरूप

ब्राझीलमध्ये साथ मुख्यतः विशिष्ट समूहांत केंद्रित राहिली आणि प्रौढांमधील प्रमाण एक टक्क्याहून कमी राहिले. दक्षिण आफ्रिकेत ती सर्वसाधारण लोकसंख्येत पसरली. त्यामुळे समान दर्जाचे उपचार देण्याचा दक्षिण आफ्रिकेवरील बोजा कितीतरी पटींनी मोठा होता.

### हक्काचे स्वरूप

ब्राझीलमध्ये संविधानातील हक्काला लगेचच स्वतंत्र कायद्याची जोड मिळाली. तसेच तेथील न्यायालये एखाद्या रुग्णाला विशिष्ट औषध देण्याचा आदेश देतात. दक्षिण आफ्रिकेत न्यायालये वैयक्तिक मागणीपेक्षा संपूर्ण कार्यक्रमाची वाजवीपणाच्या निकषावर तपासणी करतात. पहिली पद्धत व्यक्तीला जलद दिलासा देते, पण न्यायालयात जाण्याची ऐपत असलेल्यांना झुकते माप मिळते अशी टीका होते. दुसऱ्या पद्धतीत दिलासा उशिरा मिळतो, मात्र तो सर्वांना लागू होतो.

### शासन आणि नागरी संघटना

दोन्ही देशांत रुग्णांच्या संघटना प्रभावी होत्या. ब्राझीलमध्ये चळवळीतील अनेक कार्यकर्ते आरोग्य प्रशासनात गेले आणि धोरण आतून घडले. दक्षिण आफ्रिकेत टॅकला मोर्चे, रुग्णशिक्षण आणि न्यायालय यांच्या साहाय्याने बाहेरून दबाव आणावा लागला. औषधे सर्वांना मिळेपर्यंत ती स्वतः न घेण्याचा अखमत यांचा निर्णय या लढ्याचे प्रतीक ठरला.

### कालपट

| वर्ष | ब्राझील | दक्षिण आफ्रिका |
|---|---|---|
| १९९६ | मोफत औषधांचा कायदा | नवे संविधान संमत |
| २००१ | औषधांच्या किमतीत कपात | कंपन्यांनी खटला मागे घेतला |
| २००२ | फार्मांगिन्योसची औषधे खायेलित्शात | नेव्हिरापीन निकाल |
| २००४ | मोफत उपचारांचे आठवे वर्ष | राष्ट्रीय औषधवाटपास प्रारंभ |
| २००७ | इफाव्हिरेन्झसाठी सक्तीचा परवाना | नवी राष्ट्रीय धोरणात्मक योजना |
| २०१३ | सर्व बाधितांना उपचार | एकत्रित गोळी |
| २०१६ | – | सर्व बाधितांना उपचार |

## परिणाम

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००० ते २००५ या काळात दक्षिण आफ्रिकेने औषधे वेळेवर न दिल्याने ३,३०,००० हून अधिक लोकांचे प्राण गेले आणि सुमारे ३५,००० बालके टाळता येण्याजोग्या संसर्गासह जन्मली. देशाचे सरासरी आयुर्मान २००५ च्या सुमारास ५४ वर्षांच्या आसपास घसरले होते. उपचारांच्या विस्तारानंतर पुढील दशकात ते ६० वर्षांच्या वर गेले. सहा आठवड्यांच्या बालकांत मातेकडून झालेल्या संसर्गाचे प्रमाण २०११ मध्ये २.७ टक्क्यांवर आले.

आज दक्षिण आफ्रिकेचा उपचार कार्यक्रम जगातील सर्वांत मोठा असून ५५ लाखांहून अधिक लोक त्याचा लाभ घेतात. ब्राझीलमध्ये ही संख्या सात लाखांहून अधिक आहे. दोन्ही देश औषधखरेदी प्रामुख्याने स्वतःच्या निधीतून करतात. मात्र दक्षिण आफ्रिकेच्या एचआयव्हीविषयक खर्चात अमेरिकेच्या ‘पेपफार’ कार्यक्रमाचा सुमारे १७ टक्के वाटा होता. इ.स. २०२५ मध्ये ही मदत खंडित झाल्याने तेथील चाचणी, समुपदेशन आणि पाठपुरावा करणाऱ्या सेवांना फटका बसला. ब्राझीलमध्ये मृत्यूंचा भार कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय नागरिकांवर अधिक आहे. औषध मोफत असूनही निदान आणि नियमित उपचार सर्वांपर्यंत सारखे पोहोचत नाहीत, हे त्यावरून दिसते.

## तुलनेच्या मर्यादा

दोन्ही देशांतील फरकाचे सर्व श्रेय किंवा दोष एखाद्या नेत्याला देणे अपुरे ठरते. दक्षिण आफ्रिकेतील संसर्गाची सर्वांत वेगवान वाढ १९९९ पूर्वीच झाली होती. १९९६ च्या किमतींना लक्षावधी लोकांना उपचार देणे त्या देशाला शक्य नव्हते. ब्राझीलला तुलनेने लहान साथ, आधीपासूनची सरकारी औषधनिर्मिती आणि एकसंध आरोग्य व्यवस्था यांचा लाभ मिळाला.

तथापि इ.स. २००० नंतरच्या विलंबाचे समर्थन किमतीच्या आधारे करता येत नाही. नेव्हिरापीन मोफत मिळत होते, जेनेरिक औषधांच्या किमती कोसळल्या होत्या आणि शेजारच्या बोत्स्वानाने जानेवारी २००२ मध्ये राष्ट्रीय उपचार कार्यक्रम सुरू केला होता. दक्षिण आफ्रिकेतच पश्चिम केप प्रांताने केंद्र सरकारच्या आधी मातांना औषधे देण्यास सुरुवात केली होती. म्हणूनच या तुलनेतून अभ्यासक सामान्यतः असा निष्कर्ष काढतात की, संविधानातील आरोग्याचा हक्क आवश्यक असला तरी तो स्वतःहून अमलात येत नाही. त्याला ठोस कायदा, परवडणाऱ्या औषधांचा स्रोत, विज्ञानाचा स्वीकार करणारे शासन आणि शासनाला जाब विचारू शकणारे संघटित नागरिक यांची जोड लागते. ब्राझीलमध्ये हे चारही घटक १९९६ पर्यंत एकत्र आले होते. दक्षिण आफ्रिकेत शासनाने विज्ञान स्वीकारण्यास सर्वाधिक विलंब केला आणि ती उणीव भरून काढण्याचा भार नागरिकांना व न्यायालयांना उचलावा लागला.